छाट

अम्मा हजार विड्या वळायची
आणि वर पन्नास.
पगार तर हजाराचाच, मग हे कशाला?
ती पत्र्याच्या मापाने पान कापत म्हणायची,
चेकरचा हात कुठून भरायचा?

शाखेच्या खिडकीत तो कट्टा सोडायचा.
सैल दोरा, वाकडं तोंड, तंबाखू कमी,
टिचकी मारून बाजूला.
त्या ढिगाला छाट म्हणत.
छाटीचे पैसे नाहीत
आणि छाट परतही नाही.

आता विडी घरकुलात, त्याच खोलीत,
ओल्या गोणपाटात रात्रभर पानं मुरायची त्या कोपऱ्यात
मी नोड चालवते.
लोकांनी अडकवून ठेवलेली नाणी माझ्या सहीवर उभी आहेत.
नसीमा बागवानची शिलाईतली बचत,
मल्लिनाथ कोरेच्या टॉवेलच्या धंद्यातली थोडी,
आणि दोघं कुठले कोण, नुसते आकडे.

ब्लॉक येतो, यंत्र सही करतं.
सही चुकली तर दंड.
एकाच जागेच्या दोन ब्लॉकांवर सही पडली
तर छाट, आणि कायमचं बाहेर.
हा चेकर ओळखीचा नाही,
याला चहा पाजता येत नाही.

मे महिना. दिवसा चव्वेचाळीस होते,
रात्री अकराला भिंत अजून तव्यासारखी.
वीज गेली. इन्व्हर्टर एकदा कण्हला.
पुण्याहून दयानंद बुराचा फोन:
श्रीलता, तीन सह्या गेल्या,
तुझा नोड दिसत नाही,
इथलं दुसरं यंत्र चालू करतो, किल्ली तीच आहे.

थांब म्हटलं.

पैसे कापतायत!

कापू देत.
मुकं राहिल्याचा दंड चहापुरता असतो,
दोन तोंडांनी बोलल्याचा घर बसवतो.
गेल्या दिवाळीत, घरात वीज आणि डोकं थंड असताना
मी वहीत लिहून ठेवलंय, काढ तुझी प्रत, वाच:
दिसत नाही म्हणजे मेलं नाही.
आधी हाताने प्लग उपट.
मग घड्याळ बघून पंधरा मिनिटं बस.
कशावर सही झाली त्याचा जुना हिशेब
नव्या यंत्रात उतरव,
किल्ली सगळ्यात शेवटी.

तो वाचत होता की नुसता श्वास घेत होता, कळेना.
मी मोबाईलचा उजेड घेऊन कोपऱ्यात गेले.
यंत्राला हात लावला.
गरम.
निळा दिवा लुकलुकत होता, शहाण्यासारखा.
कुंभारीच्या वळणावर कुठल्या तरी ट्रकने
फायबरची तार ओढून नेली होती,
आणि कपाटावरच्या दीडशे रुपये महिन्याच्या सिमवरून
सह्या चालल्या होत्या.
तीन चुकल्या, चौथी लागली.
मेली होती ती फक्त खबर देणारी वाट.

दयानंद बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, माझं बोट बटणावर होतं गं.

सकाळी मी सगळ्यांना कळवलं, किती गेले, का गेले.
नसीमा म्हणाली, एवढ्याशासाठी कशाला सांगतेस,
कुणाला कळलं असतं?
तिला काय सांगू,
छाट लपवणाऱ्या बायका मी पाहिल्यात,
कट्ट्याच्या मधोमध घालायच्या,
आणि चेकर नेमका मधूनच उपसायचा.

रात्री तेवढ्या काळोखात
खाटेवरून अम्माने विचारलं होतं, एमैंदे?
काही नाही, छाट होता होता राहिली.
वर पन्नास ठेवलेस ना?
ठेवलेत. माझीच नाणी, वेगळी,
कापलीच तर आधी ती जातील.

ती उठून बसली. अंगठ्याचं नख चाचपत राहिली,
पानाची कड दुमडून दुमडून ते अर्धंच उरलंय.

आणि तुझ्या चेकरला कोण तपासतं?

आम्हीच. सगळे एकमेकांना.

मग, ती म्हणाली,
शंभर ठेव.